पन्नास टक्क्यांतली मंजूषा

भोपाळच्या शाहपुऱ्यात तलावाकडे तोंड करून उभ्या असलेल्या एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर पाटी आहे, ‘सुभाष वैरागडे अँड कंपनी, चार्टर्ड अकाउंटंट्स’. पाटीवर खाली चार नावं आहेत. सुभाष, जयंत, मंजूषा आणि अपर्णा. म्हणजे सासरे, त्यांचा मुलगा, सून आणि लग्न करून पुण्याला गेलेली मुलगी. फर्मच्या वेबसाइटवर ठळक अक्षरांत लिहिलेलं असायचं, ‘आमच्या भागीदारांमध्ये पन्नास टक्के महिला’. हिशेब चोख होता. फक्त त्या पन्नास टक्क्यांपैकी एक जण पुण्यात मुलांच्या शिकवण्या घ्यायची, आणि दुसरी, आपली मंजूषा, त्या इमारतीचा जिना वर्षातून एकदा, लक्ष्मीपूजनाला, पेढ्यांचा डबा घेऊन चढायची.

यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. बँकांची कामं मिळतात ती फर्ममध्ये सी.ए. किती आहेत ते पाहून. डोकी जास्त, तर काम मोठं. सुभाषरावांना हे फार आधी उमगलं होतं. ‘सगळेच करतात,’ असं ते म्हणायचे, आणि हे वाक्य म्हटलं की त्यांच्या मनातला सगळा हिशेब जुळायचा. जयंतसाठी मुली बघताना त्यांनी पत्रिका नंतर मागितली, आधी विचारलं, ‘सी.ए.चं फायनल झालंय ना?’ मंजूषाच्या वडिलांना, प्रभाकर देशकरांना, त्याचं केवढं कौतुक वाटलं होतं. मुलीच्या शिक्षणाची कदर करणारं स्थळ मिळालं म्हणून ते महिनाभर कॉलनीत सांगत फिरले. कदर होतीच. ती कशाची होती हे कळायला मात्र मंजूषाला फार वर्षं लागली, आणि ती काही बुद्धीने मंद नव्हती.

देशकर मूळचे नागपूरचे. राज्यांची वाटणी झाली, सरकारी कचेऱ्या नागपुरातून उठून भोपाळला आल्या, तेव्हा आजोबा फायलींच्या गठ्ठ्यांबरोबर इकडे आले ते इथलेच झाले. शिवाजी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये मंजूषा लहानाची मोठी झाली. एकुलती एक. सी.ए.च्या फायनलला ती दोनदा नापास झाली. दुसऱ्या वेळी शेजारपाजारच्या बायकांनी आईला, सुनंदाबाईंना, बी.एड.चे फॉर्म आणून दिले. प्रभाकररावांनी ते फॉर्म नीट घडी करून रद्दीत टाकले, क्वार्टरमधली पुढची खोली मुलीला देऊन टाकली आणि स्वतः वर्षभर ओट्यावर बसून पेपर वाचला. तिसऱ्या खेपेला ती पास झाली. तिला मिळालेला सहा आकडी सदस्य नंबर त्यांनी कोपऱ्यावरच्या वाण्यालासुद्धा वाचून दाखवला होता.

त्याआधी तिने तीन वर्षं एका मोठ्या ऑफिसात उमेदवारी केली. तिथे मुली आत बसून विवरणपत्रं भरायच्या आणि मुलगे मंडीदीपच्या कारखान्यांत तपासणीला जायचे. खरं काम तिकडे असायचं. मंजूषाने विचारलं तर वरिष्ठ प्रेमळपणे म्हणाले, “बेटा, वहां लेडीज़ के लिए सुविधा नहीं है.” ती म्हणाली, “सुविधा मैं देख लूंगी सर, आप पता दीजिए.” आणि आपल्या स्कूटीवरून पंचवीस किलोमीटर एकटी गेली. कारखान्याच्या मॅनेजरने तिला पाहून विचारलं, सर कुठे आहेत. तिने सांगितलं, सर ऑफिसात आहेत, तपासायला मी आले आहे. चार दिवस तिने त्या माणसाचं डोकं खाल्लं. पुढच्या वर्षी त्याच मॅनेजरने फोन करून विचारलं, यंदा ती मुलगी येणार नाही ना?

अशी ही बाई घरात बसली कशी, असा प्रश्न पडेल. कुणी तिला ‘ऑफिसात येऊ नकोस’ म्हटलं असतं तर ती नक्की भांडली असती, आणि जिंकलीही असती. तसं कुणी म्हटलंच नाही. लग्नानंतर तीन वर्षं ती ऑफिसात गेली. मानसी झाली तेव्हा सुभाषराव म्हणाले, “तू आराम कर बेटा, आम्ही आहोत.” मग मानसीची शाळा सुरू झाली. मग सासूबाई आजारी पडल्या आणि दोन वर्षांनी गेल्या. प्रत्येक वेळी कुणीतरी मायेनेच म्हणायचं, थोडे दिवस राहू दे. भांडायला समोर माणूस लागतो. मायेशी भांडायचं कसं हे मंजूषाला कुणी शिकवलं नव्हतं. दरम्यान तिचं टेबल झेरॉक्स मशीनला लागलं.

नाव मात्र पाटीवर राहिलं, आणि सहीसुद्धा. आता सह्या डिजिटल झाल्या आहेत, छोट्या डोंगलमध्ये राहतात. वैरागड्यांच्या ऑफिसात चौघांचेही डोंगल बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात असायचे, प्रत्येकावर नावाची चिठ्ठी. ज्याच्या नावावर काम टाकायचं त्याचा डोंगल काढायचा. एकच अडचण होती. सी.ए.ने सही केलेल्या प्रत्येक कागदाला एक क्रमांक घ्यावा लागतो, आणि मंजूषाच्या सहीसाठी तो ओटीपी तिच्या फोनवर यायचा. मग जयंतचा फोन यायचा. “मंजू, आला का?” कणकेने भरलेला हात पुसून मंजूषा सहा आकडे वाचायची. एवढं घासून मिळवलेल्या विद्येचं काम एवढंच उरलं होतं, सहा आकडे स्पष्ट आवाजात वाचणं.

मग गेल्या नोव्हेंबरात सी.ए.च्या संस्थेचं पत्र आलं. फर्मच्या कामाची पद्धत तपासायला, म्हणजे रिव्ह्यूला, बाहेरचा एक सी.ए. येणार होता. तो फायली बघणार, भागीदारांना भेटणार, काम खरंच त्यांनी केलं का ते विचारणार. अपर्णा येऊ शकत नव्हती, तिच्यासाठी व्हिडिओ कॉल ठरला. मंजूषाला मात्र ऑफिसात बसलेली दाखवायची होती.

सुभाषराव अशा वेळी फार उत्साही असायचे. खालच्या दातांच्या डॉक्टरांकडून एक टेबल दोन दिवसांसाठी मागून आणलं. झेरॉक्स मशीन बाथरूमपाशी सरकवलं. एम.पी. नगरातून नावाची पितळी पाटी करून आणली. खिडकीत मनीप्लांट ठेवला. रमेश नावाचे ऑफिसातले सगळ्यांत जुने कारकून, अठ्ठावीस वर्षं तिथेच, त्यांनी टेबलावर पेन, स्टेपलर आणि वापरलेला दिसावा म्हणून एक चहाचा कपही मांडला.

“फक्त एक दिवसाचा प्रश्न आहे,” जयंत घरी म्हणाला. “तुझ्या नावावरच्या फायली वरवर बघून ठेव. त्याने काही विचारलंच तर मी असेन बाजूला.”

“माझ्या नावावर किती आहेत?”

“असतील चाळीस-एक.”

एक्केचाळीस होत्या. रिव्ह्यूच्या आदल्या सकाळी मंजूषा त्या उसन्या टेबलाशी बसली आणि पहिली फाइल उघडली. वरवर बघायचं हे तिच्या स्वभावातच नव्हतं, हे जयंत विसरला होता. दोन तास ती वाचत होती. कामं सगळी एकाच प्रकारची होती. बँकेने व्यापाऱ्याला मालाच्या तारणावर कर्ज दिलेलं, तो माल गोदामात खरंच आहे की नाही हे सी.ए.ने जाऊन बघायचं आणि बँकेला लिहून द्यायचं. प्रत्येक अहवालाच्या शेवटी एकच वाक्य होतं, ‘आम्ही स्वतः गोदामास भेट देऊन मालाची पडताळणी केली आहे.’ त्याखाली तिचं नाव, तिचा नंबर, तिची सही. वाचता वाचता तिला आधी लाज वाटली, मग राग आला, आणि मग सत्ताविसावी फाइल आली.

सीहोर रस्त्यावरचं सोयाबीनचं गोदाम होतं ते. भेटीची तारीख बारा मार्च.

बारा मार्चला मंजूषा सकाळी सातपासून साकेत नगरच्या हॉस्पिटलात होती. सुनंदाबाईंच्या पित्ताशयाचं ऑपरेशन होतं. प्रभाकरराव दोन वर्षांपूर्वीच गेले होते, त्यामुळे आईला तीच एकटी. स्ट्रेचर आत नेत होते, आई तिचा हात सोडायला तयार नव्हती, आणि तेवढ्यात फोन वाजला होता. “मंजू, आला का?” आईचा हात एका हातात धरून दुसऱ्या हाताने फोन बघत तिने सहा आकडे वाचले होते. कशासाठी, हे तिने विचारलंही नव्हतं.

तिने रमेशना हाक मारली. “रमेशजी, या गोदामात कोण गेलं होतं?”

रमेशनी फाइल बघितली, चष्मा काढून पुसला. “मैं गया था, भाभीजी.”

“आत?”

“दरवाज़े तक. चौकीदार ने कहा मालिक नहीं हैं, चाबी नहीं है. फोटो खींच लिया था शटर का.” मग ते म्हणाले, “मार्च का महीना था भाभीजी. दिन में चार-चार जगह भेजते थे.”

मंजूषाने त्यांना बोल लावला नाही. ते पगारी नोकर होते, ती भागीदार होती. सही रमेशची नव्हती, तिची होती. कुठे काही निघालंच तर बँक रमेशना विचारणार नव्हती, सुभाषरावांनाही नाही. तिच्या बापाने वाण्याला वाचून दाखवलेला नंबर होता तो, आणि तोच जाणार होता. हे तिला त्या क्षणी लख्ख कळलं, आणि आजवर कळलं नाही म्हणून तिने स्वतःलाच मनात दोन शिव्या घातल्या.

संध्याकाळच्या चहाला तिने विषय काढला. सुभाषराव बिस्किट बुडवत होते.

“बाबा, बारा मार्चला मी सीहोरला होते असं मी लिहून दिलंय.”

“असेल. त्याचं काय?”

“त्या दिवशी तुम्ही हॉस्पिटलात डबा घेऊन आला होतात. कोबीची भाजी होती. माझ्याशेजारी बाकावर तीन तास बसला होतात.”

सुभाषरावांचं बिस्किट चहात पडलं. ते वाईट गृहस्थ नव्हते, हे इथेच सांगितलं पाहिजे. ऑपरेशनचे पैसे त्यांनी न मागता भरले होते आणि पुन्हा कधी त्याचा उच्चार केला नव्हता. सुनेच्या आईसाठी डबा घेऊन जाणारा सासरा आणि सुनेची सही डब्यात ठेवणारा सासरा, ही एकच व्यक्ती होती. म्हणून तर हे सगळं इतकं अवघड होतं.

“तारीख मागेपुढे होते,” जयंत म्हणाला. “उद्या विचारलंच तर सांग टायपिंगची चूक आहे.”

“मी अकराला गेले नाही, तेराला गेले नाही. कधीच गेले नाही. टायपिंग कुठलं दुरुस्त करू?”

“मंजू, एका दिवसाचा प्रश्न आहे.”

“तू हे पंधरा वर्षं म्हणतोयस.”

मानसी आतल्या खोलीतून अभ्यास सोडून दारात आली होती. सोळा वर्षांची पोर, तिला आजवर एवढंच माहीत होतं की आई पूर्वी सी.ए. होती. “मम्मी, पूर्वी म्हणजे?” तिने विचारलं. “तू अजून आहेस?” हसावं की रडावं ते मंजूषाला कळेना. “आहे,” ती म्हणाली, “उद्यापर्यंत तरी.”

दुसऱ्या दिवशी आले ते समीर मतकर, इंदूरचे. इंदुरी मराठी, पन्नाशी, अंगात स्वेटर, अशा शेकडो ऑफिसांत अशाच मनीप्लांटसमोर बसलेले. त्यांना भांडण नको होतं. तीनची बस पकडायची होती, आणि वाटेत कुणासाठी तरी शेवेचं पाकीट घ्यायचं होतं. सुभाषरावांशी त्यांच्या छान गप्पा झाल्या. पुण्याहून अपर्णा स्क्रीनवर दिसली, गोड हसली. मग मतकर मंजूषाच्या टेबलाशी आले, फायलींतली एक सहज ओढली, चाळली. दुसरी ओढली. तिसरी सत्ताविसावी निघाली. योगायोग म्हणा. मंजूषाने तीच हाताशी येईल अशी ठेवली असेल असं कुणी म्हणालं तर मी वाद घालणार नाही.

“हे तुम्हीच केलं, मॅडम?”

“सही माझी आहे.”

“गोदाम मोठं दिसतंय. किती दारं आहेत?” त्यांनी सवयीने विचारलं. उत्तर ऐकण्यासाठी त्यांनी मानही वर केली नव्हती.

“दोन,” जयंत बाजूने म्हणाला.

“मला माहीत नाही,” मंजूषा म्हणाली. “मी तिथे गेलेच नव्हते.”

मतकरांनी मान वर केली. जयंतने खुर्चीची पाठ घट्ट धरली. झेरॉक्स मशीनपाशी उभे असलेले रमेश आत निघून गेले.

“तारखेत काही गफलत झाली असेल,” मतकर हळूच म्हणाले. खरोखर भला माणूस. “मार्चच्या गर्दीत होतं असं. टायपिंग मिस्टेक लिहून टाकतो, तुम्ही एक दुरुस्तीपत्र द्या, बस.”

“तारीख बरोबर आहे. त्याखालचं वाक्य खोटं आहे. त्या दिवशी मी माझ्या आईच्या ऑपरेशनला होते. आणि हे एकच नाही. या एक्केचाळीसपैकी एकाही ठिकाणी मी गेलेली नाही. हे टेबलसुद्धा खालच्या डॉक्टरांचं आहे.”

मतकरांनी पेन खाली ठेवलं. इतक्या ऑफिसांत बसून अशी बाई त्यांनी पहिल्यांदाच पाहिली होती. “मॅडम, एक गोष्ट समजून घ्या,” ते म्हणाले. “हे मी लिहिलं तर फर्मला बोल लागेलच. पण चौकशी निघाली तर ती सुभाषरावांची नाही निघणार. सही तुमची आहे. तुम्ही तुमच्याच पायावर धोंडा पाडून घेताय.”

“माझा पाय आहे,” मंजूषा म्हणाली. “लिहा.”

तीनची बस चुकली. मतकरांनी साडेपाचपर्यंत लिहिलं.

घरी जे झालं ते सगळं सांगण्यात अर्थ नाही. सुभाषराव दोन दिवस जेवले नाहीत. जयंत इतकंच म्हणाला, “आधी माझ्याशी बोलायचंस तरी.” बोलली होती, चहाला, सगळ्यांसमोर, हे त्याला आठवत नव्हतं. अपर्णाचा पुण्याहून फोन आला. मंजूषा शिव्या खायच्या तयारीनेच बसली होती. अपर्णा म्हणाली, “वहिनी, माझ्या नावावर किती आहेत ते बघून सांगशील का?”

रिव्ह्यूच्या दुसऱ्या दिवशी खालच्या डॉक्टरांचा माणूस टेबल न्यायला आला. मंजूषा दहाच्या ठोक्याला ऑफिसात हजर होती. तिने त्याला टेबल नेऊ दिलं, झेरॉक्स मशीन बाथरूमपासून पुन्हा जुन्या जागी सरकवू दिलं नाही, आणि रिकाम्या जागेत जमिनीवर सतरंजी टाकून बसली. बिस्किटांच्या डब्यातून आपला डोंगल काढून पर्समध्ये टाकला. भोवती एक्केचाळीस फायली. येणारे अशील तिला ओलांडून सुभाषरावांच्या केबिनमध्ये जायचे. एका सिमेंटवाल्याने विचारलं, “पूजा है क्या?” चौथ्या दिवशी सुभाषरावांना ते सहन झालं नाही. त्यांनी नवीन टेबल मागवलं. यात माया किती आणि चारचौघांतली लाज किती हे सांगणं कठीण आहे. मंजूषाने त्याची चौकशी केली नाही, टेबल घेतलं.

मग ती निघाली. डिसेंबर ते मार्च, ज्या गोदामांच्या अहवालावर तिची सही होती त्या प्रत्येक ठिकाणी. विदिशा, रायसेन, बैरसिया. बसने, कधी मानसीला क्लासला सोडून तशीच गाडीने. कुठे माल बरोबर निघाला, कुठे थोडा कमी. रमेश बहुतेक वेळा तिच्याबरोबर गेले. पहिल्या दिवशी ते ओशाळून मागे मागे राहिले, नंतर स्वतःच शिडी धरू लागले. सीहोर रस्त्यावरच्या गोदामाची किल्ली या वेळीही मालकाकडेच होती. मंजूषा चौकीदाराच्या खाटेवर बसली आणि म्हणाली, “बैठी हूं भैया, शाम तक छुट्टी है मेरी.” दीड वाजता मालक आला. शटर उघडलं. समोर पोत्यांची एक भिंत रचली होती, नीट, छातीपर्यंत. तिच्यामागे रिकामी जमीन आणि एक बंद पडलेला ट्रॅक्टर.

तिने ते तसंच बँकेला लिहून कळवलं, स्वतःच्या हाताने, स्वतःच्या सहीने. बँकेने वैरागड्यांना त्या वर्षीचं काम दिलं नाही.

तेव्हा मात्र सुभाषरावांचा तोल गेला. एका रविवारी त्यांनी जेवणाच्या टेबलावर कागद ठेवले. मंजूषाने फर्ममधून निवृत्त व्हावं, स्वखुशीने. सहीच्या जागी पेन्सिलने फुल्या केल्या होत्या, सह्या डिजिटल होण्याआधी तिच्यासाठी करायचे तशाच. “इथे, इथे आणि इथे,” ते म्हणाले.

मंजूषाने कागद उचलले. “वाचून सांगते, बाबा.”

“त्यात वाचायचं काय आहे?”

“तेच बघते.”

तीन दिवसांनी तिने कागद परत दिले. सही नव्हती. समासात लाल शाईने प्रत्येक कलमाला प्रश्न विचारला होता. शेवटच्या पानावर लिहिलं होतं, ‘मला निवृत्त व्हायचं नाही. मी आत्ताच रुजू झाले आहे.’ सुभाषरावांनी ते दोनदा वाचलं. तिच्या सहीशिवाय तिला काढता येत नव्हतं, आणि ती सही आता डब्यात नव्हती. वेबसाइटवरचं ते पन्नास टक्क्यांचं वाक्य त्याच आठवड्यात जयंतने स्वतःहून काढून टाकलं. का, ते त्याने सांगितलं नाही. त्या दिवसापासून तो तिला कामाचं काही विचारायला तिच्या टेबलापाशी येऊ लागला, एवढं खरं.

मेमध्ये दिल्लीहून, सी.ए.च्या संस्थेच्या शिस्त समितीकडून, रजिस्टर पत्र आलं. पाकिटावर ‘सी.ए. मंजूषा वैरागडे’ असं नाव होतं. ऑफिसच्या पत्त्यावर तिच्या एकटीच्या नावाने आलेलं ते पहिलं पत्र. मजकूर काही आनंदाचा नव्हता. न केलेल्या भेटीचा दाखला दिल्याबद्दल आपल्यावर कारवाई का करू नये, एकवीस दिवसांत खुलासा करावा. पोस्टमनने तिची सही घेतली, आणि रमेशनी भाभीजींच्या तोंडाकडे बघून पाण्याचा ग्लास आणून ठेवला.

तिसऱ्या दिवशी दुपारी सुभाषराव केबिनमधून उठून आले. बऱ्याच महिन्यांनी तिच्या टेबलासमोर बसले. पत्र वाचलं. म्हातारे दिसत होते. “मी मसुदा करून देतो,” ते म्हणाले. “अशी उत्तरं मी खूप लिहिली आहेत. घरची आजारपणं, मानसिक ताण, स्त्री म्हणून दोन्हीकडची ओढाताण, हे सगळं मांडू. समितीलाही माणुसकी असते. ताकीद देऊन सोडतील.”

हे ते मनापासून म्हणत होते, आणि त्यातच सगळं आलं. आतासुद्धा तिची सुटका ते तिच्या बाई असण्यातच शोधत होते.

“उत्तर लिहून झालंय, बाबा,” मंजूषा म्हणाली. “सकाळीच पाठवलं.”

“मला न दाखवता?”

तिने ड्रॉवरमधून प्रत काढून त्यांच्यापुढे सरकवली. एकच पान होतं. ‘मी गोदामात गेले नव्हते. सही माझी आहे. वाचल्याशिवाय ती होऊ दिली, हा दोष माझाच आहे, त्याला आजारपण किंवा घर जबाबदार नाही. त्यानंतर मी एक्केचाळीसही ठिकाणी स्वतः जाऊन आले, त्या भेटींची टिपणं सोबत जोडली आहेत. समिती देईल ती शिक्षा मला मान्य आहे. यापुढे माझ्या नावाने जे निघेल ते मी पाहिलेलं असेल.’

सुभाषरावांनी चष्मा काढला. कागद खाली ठेवला, पुन्हा उचलला. त्यांचा आवाज चढला नाही. “आणि नंबरच गेला तर? तीनदा बसून मिळवलेला नंबर, मंजू.”

“गेला तर माझा म्हणून जाईल, बाबा,” ती म्हणाली. “पंधरा वर्षं तो तुमचा म्हणून होता.”